मशीन का थांबलं, हे कोणी लिहायचं?

भोसरी_गुरुवारसुट्टी (धागाकर्ता)

आमच्या पट्ट्यात सध्या जो तो मशीनला सेन्सर लावायच्या मागे आहे. मशीन थांबल्यावर दिवा किती मिनिटं लाल होता ते मालकाला मोबाइलवर दिसतं. ठीक आहे. पण का लाल होता, हे पुढ्यात उभा असलेला ऑपरेटरच सांगू शकतो आणि त्याला विचारायची आपली पद्धत भिकार आहे. तीस-चाळीस कारणांचे कोड! हातातला जॉब सोडून ती यादी कोण वाचणार? वरचं पहिलं बटण दाबलं जातं. महिनाअखेरीस पॅरेटो (कोणत्या कारणाने किती वेळ गेला, त्याचा उतरत्या क्रमाचा खांब-आलेख) काढला की सर्वांत उंच खांब 'इतर'चा.

माझं मत : सात-आठच कारणं ठेवा, शॉपवर बोलतात त्या शब्दांत. टूल तुटलं, माल नाही, सेटिंग, क्वालिटीची वाट, मेंटेनन्सची वाट, लाइट गेली, माणूस नाही. 'इतर' निवडलं तर पुढे दोन शब्द लिहिणं सक्तीचं.

स्पिंडल_अलार्म

साफ असहमत. ज्याने बोलणी बसणार नाहीत तेच कारण माणूस लिहितो. ऑफसेट (मशीनला द्यायचा टूलच्या मापाचा आकडा) चुकीचा टाकून टूल ठोकलं, तरी कार्डावर 'टूल तुटलं'. कंट्रोलरमधला अलार्म नंबर आणि वेळ कोणाला घाबरत नाहीत.

शिवाय बारीक थांबे. चिप गुंडाळली, फीडरचा सेन्सर तेलकट झाला. चाळीस सेकंदांत मशीन पुन्हा चालू. हे हाताने कोण लिहील? जपानी तज्ज्ञ सेइइची नाकाजिमांच्या सहा मोठ्या तोट्यांत (मशीनचा वेळ कुठे वाया जातो त्या यादीत) किरकोळ थांब्यांना ब्रेकडाउनपेक्षा वेगळी जागा आहे, ती उगाच नाही.

भोसरी_गुरुवारसुट्टी

बारीक थांबे सेन्सरने मोजा, मान्य. पण सर्व्हो ओव्हरलोडचा (मोटरवर जास्त भार आल्याचा) अलार्म आला म्हणजे बॉलस्क्रू जाम, कास्टिंग कडक की इन्सर्ट (टूलची कापणारी पाती) झिजलेला, हे तो नंबर सांगतो का? आणि बोलणी बसतात म्हणून खोटं लिहितात, तर बोलणी थांबवा ना राव.

गेज_ताई

दोघांनाही एक विचारते. 'सेटिंग ७५ मिनिटं' असं लिहिलेलं असतं. त्यातली चाळीस मिनिटं सेटर हात बांधून उभा असतो, कारण पहिला नग सीएमएमच्या (मापं तपासायच्या मशीनच्या) रांगेत पडलेला असतो. मग मीटिंगमध्ये सेटरला फिक्श्चर (जॉब पकडायची चौकट) लवकर बदलायचं ट्रेनिंग देण्याचं ठरतं! ब्रेकडाउनचंही तेच. कळवलं कधी, फिटर आला कधी, स्पेअर मिळाला कधी, पहिला ओके नग कधी निघाला, या वेळा वेगळ्या लिहिल्या तर दुरुस्तीपेक्षा वाट पाहणंच जास्त निघतं. म्हणून धागाकर्त्यांच्या यादीतलं 'क्वालिटीची वाट' मला पटलं, जरी ते माझ्याच खात्यावर येणार असलं तरी.

हिशेबनीस

कारण कोणीही लिहो, ते आकड्यात कुठे टाकतात ते बघा. शिफ्ट ४८० मिनिटं, जेवण-चहा ३० वजा, राहिली ४५०. थांबे ७५. सायकल टाइम दीड मिनिट, नग २२०, त्यातले चांगले २१४. उपलब्धता ८३.३, वेग ८८, गुणवत्ता ९७.३, गुणाकार करा, ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता) ७१ टक्के.

आता थांब्यांतली ४५ मिनिटं सेटिंगची आहेत, ती 'नियोजित थांबा' म्हणून भाजकातूनच काढा. ४०५ मिनिटांवर ओईई ७९! एक नग वाढला नाही. ८५ टक्क्यांचं टार्गेट आणि त्यावर इन्सेंटिव्ह लावलं की सुपरवायझर हीच कारागिरी शिकतो.

जॉबवर्क_सातपूर

तुमचं सगळं मोठ्या लाइनवाल्यांचं आहे. माझ्याकडे वीस-वीस नगांच्या ऑर्डरी. एक जुनं लेथ अर्धा दिवस बंद असतं आणि ते बंदच असायला हवं, पुढच्या ग्राइंडिंगला तेवढा माल खपतच नाही. तिथे ओईई वाढवली तर रॅकवर अर्धवट माल साचेल आणि पैसा अडकेल.

स्पिंडल_अलार्म

मग लेथ सोडा, ग्राइंडिंगला मोजा. ते का थांबतं ते तुम्हाला माहीत आहे?

जॉबवर्क_सातपूर

माहीत आहे. व्हील ड्रेसिंग (ग्राइंडिंगच्या चाकाला पुन्हा धार काढणं) आणि माल नसणं. त्यासाठी सेन्सर कशाला? मशीनशेजारी खडूची पाटी आहे, माणूस थांबताना वेळ लिहितो, संध्याकाळी मी फोटो काढतो.

भोसरी_गुरुवारसुट्टी

लेथ अर्धा दिवस बंद आणि ग्राइंडिंगला माल नाही? दोन्ही एकाच शॉपमध्ये? पाटीवर 'माल नाही'च्या पुढे कोणता माल तेही लिहून घ्या.