मदत हवी आहे: रिठा, बायोएन्झाइम, लाकडी खेळणी… रांगत्या बाळाच्या घरात नेमकं काय चुकतंय?

रानजाई

बाळ १० महिन्यांचं आहे, रांगतं, आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं. म्हणून सुगंधी पावडर, फिनेल, डांबरगोळ्या हे सगळं बंद करून घरगुती गोष्टींवर यायचं ठरवलंय. चार ठिकाणी गाडी अडलीये.

१. रिठ्याचं पाणी उकळून बाटलीत भरलं. तिसऱ्या दिवशी आंबट वास आणि झाकण उघडल्यावर फस्स. शिवाय सुती लंगोट पिवळट झालेत, कडक झालेत आणि पाणी पीत नाहीत, सू वरून ओघळून जाते. पाणी बोअरचं आहे. मालिशीचं तेल रोजचंच.

२. मोसंबीच्या साली गूळ-पाण्यात आंबवून बायोएन्झाइम (साफसफाईचं आंबट द्रव) केलं (दीड महिना झाला). वर पांढरी साय आलीये. तेच गाळून फरशीला वापरलं तर हॉलच्या टाइल्स चिकट झाल्या आणि मुंग्या आल्या. बाहेरच्या खोलीतल्या शहाबादीवर पांढुरके ठिपके पडलेत, ते पुसून जात नाहीत.

३. सावंतवाडीची लाकडी फळं आणि लाखकाम केलेला खुळखुळा घेतलाय. तोंडात घातला तर चालेल का? धुवायचा कसा?

४. कपाटात डांबरगोळ्यांऐवजी काय ठेवायचं?

मशीन फ्रंट लोड आहे. प्रमाणं सांगितलीत तर फार बरं होईल.

---

दोरा_सुई

लंगोटांपासून सुरुवात करू, कारण तिथे दोन दुखणी एकत्र झालीत.

रिठ्यात साबण नसतो, सॅपोनिन (फेस आणणारं नैसर्गिक द्रव्य) असतं. ते जड पाण्यातल्या कॅल्शियमबरोबर साका धरत नाही, त्यामुळे बोअरच्या पाण्यात रिठा साबणापेक्षा बरा चालतो. पण तो हलक्या हाताचा आहे. धूळ, घाम, दूध जाईल. मालिशीचं तेल रोज रोज नाही जायचं. तेच तेल धाग्यावर थरावर थर बसतं आणि कापड पाणी झिडकारायला लागतं. त्याआधी वडीचा साबण वापरत असाल तर त्याचा चुन्यासारखा साकाही आत अडकलेला असणार. कडकपणा त्याचा. पिवळटपणा थोडा तेलाचा आणि थोडा रिठ्याच्या रंगाचा.

आधी हे साचलेलं उतरवा:

- १० लिटर गरम पाणी, हाताला चटका बसेल इतपत (साधारण ६० अंश)
- २ मोठे चमचे धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, तो इथे फार मवाळ पडतो.
- सोडा पूर्ण विरघळल्यावर लंगोट बुडवा, ३ तास ठेवा. हातमोजे घाला, सोडा कातडी खातो.
- पाणी गढूळ, पिवळसर आणि वर तेलाचा तवंग दिसला की समजा काम होतंय.
- मग साध्या पाण्यात तीनदा खळबळा. शेवटच्या बादलीत अर्धा छोटा चमचा लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड). याने उरलेला सोडा मरतो आणि कापड मऊ पडतं.

तपासायचं कसं: वाळलेल्या लंगोटावर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा एकदा सोडा. लगेच पसरला तर झालं.

हे फक्त सुती कापडाला. लोकर आणि रेशीम सोड्यात घातलं तर गेलंच म्हणून समजा. आतून प्लॅस्टिकचा थर असलेल्या तयार नॅपीलाही इतकं गरम पाणी नको, थर सुटतो. आणि कापड मऊ करणारं ते सुगंधी द्रव लंगोटाला कधीच घालू नका; ते स्वतःच धाग्यावर मेणासारखं बसतं, म्हणजे दुखणं पुन्हा तेच.

पुढे रोजचं: तेलकट कपडे वेगळे काढा, त्यांना रिठ्याबरोबर १ मोठा चमचा सोडा आणि कोमट पाणी. बाकीच्यांना नुसता रिठा.

---

वस्त्रगाळ

रिठ्याचं पाणी नासणारच. त्यात साखर असते, उकळून थंड केलं की यीस्टला आयतं जेवण. बाटली फुगते ती त्यामुळे. दोष तुमच्या हाताचा नाही.

प्रमाण: बिया काढलेली टरफलं ५० ग्रॅम, पाणी १ लिटर. रात्रभर भिजत ठेवा, सकाळी मंद आचेवर २०-२५ मिनिटं. भांडं स्टीलचं आणि निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, फेस दुधापेक्षा वाईट उतू जातो. लोखंडी कढईत नकोच, पाणी काळपट होतं आणि ते पांढऱ्या कपड्यावर उतरतं. गार झाल्यावर हाताने कुस्करून मलमलीतून वस्त्रगाळ करा. चोथ्यात अर्धा लिटर पाणी घालून आणखी एक उकळी काढली तर पातळ पाणी मिळतं, ते फडकी धुवायला.

फ्रिजमध्ये आठवडा. त्यापुढे ठेवायचं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि खडे पिशवीत भरून ठेवा. ट्रे वेगळा ठेवा, सरबताचा नको. बादलीभर कपड्यांना १०० मिली पुरतं. फेस कमी दिसला म्हणून आणखी ओतू नका. फेस येणं आणि मळ निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मशीनला तर उकळायचीही गरज नाही. ८-१० अर्धी टरफलं सुती पिशवीत घट्ट बांधून ड्रममध्ये कपड्यांसोबत टाका, ४० अंशांचा प्रोग्राम लावा. गार पाण्यात सॅपोनिन नीट सुटत नाही, पहिल्यांदा गार पाण्यात लावून "रिठा निकामी" म्हणणारे बरेच भेटतात. तीच पिशवी तीन-चार वेळा चालते. टरफल पिळल्यावर फेस आला नाही, राखाडी आणि लिबलिबीत झालं, की कुंडीत. मधल्या काळात पिशवी दोरीवर वाळवा. ओली ठेवलीत तर बुरशी.

आणि एक: पाण्याच्या बाटलीत भरू नका. रंग हुबेहूब कोऱ्या चहाचा. रिठा पोटात गेला तर उलट्या होतात, डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो (१५ मिनिटं वाहत्या साध्या पाण्याने डोळा धुवायचा आणि तरी लाल राहिला तर डॉक्टर). रुंद तोंडाची बरणी, वर मोठ्या अक्षरात नाव, आणि वरचं फळकूट. सोड्यालाही हाच नियम, उलट जास्त कडक.

अवांतर: मासे असलेल्या टाकीत किंवा हौदात हे पाणी जाऊ देऊ नका. सॅपोनिन माशांना मारतं.

---

ओसरी

वस्त्रगाळ यांना +१. पैठणी, लोकरीचं कुंची-टोपडं यांना रिठ्यासारखं दुसरं काही नाही. पण पांढऱ्याशुभ्र सुती कपड्यांची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. त्यांना ऊन.

---

तांबडी_माती

बायोएन्झाइमबद्दल. दीड महिन्याचं म्हणजे अजून कच्चं आहे. चिकटपणा आणि मुंग्या म्हणजे न संपलेला गूळ, दुसरं काही नाही.

१ : ३ : १० हे प्रमाण वजनाने धरायचं. १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी. तीन महिने. चिमूटभर यीस्ट घातलं तर महिना-सव्वा महिन्यात होतं. डबा प्लॅस्टिकचा, एक चतुर्थांश रिकामा, आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा. काचेची बरणी नको, फुटते.

वरची पांढरी साय बहुतेक वेळा यीस्टचीच असते, ढवळून आत जाऊ द्या. काळी, हिरवी, केसाळ बुरशी आली तर मात्र ओतून टाका. झालंय हे कसं ओळखायचं: बुडबुडे थांबतात, साली खाली बसतात, वास दारूसारखा न राहता व्हिनेगरकडे झुकतो. मग गाळायचं, आणि तेही दोनदा. पोछ्याला अर्ध्या बादलीत (५ लिटर) ३० मिली. तुम्ही किती घातलं होतं?

शहाबादीचं दुखणं वेगळं. ते डाग नाहीतच, दगड खाल्ला गेलाय. शहाबाद, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आणि संगमरवरही त्याच घरातला. आंबट काहीही पडलं, मग ते बायोएन्झाइम असो, लिंबू, व्हिनेगर किंवा ताक, की पृष्ठभाग विरघळतो आणि चमक जाते. पुसून कसं जाईल? थोडेच ठिपके असतील तर ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून हलक्या हाताने गोल फिरवा, मग ८००, वाळल्यावर फरशीचं मेण. जास्त असतील तर पॉलिशवाल्याला बोलवावं लागेल. यापुढे त्या खोलीत नुसतं गरम पाणी, फार तर भांड्यांच्या साध्या लिक्विडचे चार थेंब. व्हिट्रिफाइड टाइल्सना बायोएन्झाइम खुशाल वापरा.

---

रानजाई

कपभर घातलं होतं, म्हणजे २०० मिली तरी. 🙈 आता कळलं.

एक शंका: बायोएन्झाइमने जंतू मरतात ना? बाळ त्याच फरशीवर रांगतं. आणि त्यात खाण्याचा सोडा घातला तर ताकद वाढते असं वाचलं.

---

तांबडी_माती

सोडा घालू नका. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात, छान फसफसतं आणि हाती खारं पाणी उरतं.

जंतूंचं म्हणाल तर त्याला जंतुनाशक समजू नये. रोजचा मळ काढायला ठीक. घरात कुणाला जुलाब-उलट्या असतील तेव्हा नैसर्गिकचा हट्ट सोडून बाटलीतलं द्रव ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) वापरा: ५ टक्क्यांचं २० मिली, १ लिटर पाण्यात. आधी घाण पुसून घ्या, मग हे लावून १० मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याचा पोछा. खिडक्या उघड्या, बाळ दुसऱ्या खोलीत. हे पाणी रोजच्या रोज ताजं करायचं.

आणि ब्लीच असलेल्या बादलीत बायोएन्झाइम, लिंबूफूल किंवा संडासाचं ॲसिड कधीही नाही. क्लोरीन वायू निघतो. तुमच्या घरात आता आंबट द्रवं वाढलीत, म्हणून मुद्दाम लिहितोय. बादल्याच वेगळ्या करा.

---

चितारआळी

खेळणी. फळं आणि खुळखुळा या दोन जाती आहेत, एकत्र धरू नका.

सावंतवाडीची फळं पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची. लाकूड हलकं, कोरायला मऊ, वरून रंगवलेलं. ही फळं मुळात मांडणीची आणि भातुकलीची. रंग कुठला, त्यावर व्हार्निश कुठलं, हे दुकानदाराला नाही, करणाऱ्यालाच विचारावं लागतं. सांगता आलं नाही तर बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत शोकेसमध्ये ठेवा. पांढरं फडकं ओलं करून वीसदा घासा, रंग उतरला तर प्रश्नच मिटला. पण नाही उतरला म्हणजे शिसं नाही असं सिद्ध होत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं.

खुळखुळ्याचं लाखकाम वेगळं. चरकावर (लेथवर) लाकूड फिरत असताना लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. तोंडात घालण्याच्या वयाला हे रंगापेक्षा बरं, मात्र लाखेत मिसळलेला रंग वनस्पतिजन्य आहे ना, एवढं विचारा. पुसायला मात्र सॅनिटायझर अजिबात नको, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. गरम पाण्यात मऊ होते. सोड्यानेही उतरते. ओलसर फडकं, लगेच कोरडं, सावलीत. कडक उन्हात लाकूड तडकतं.

माप: बाळाच्या खेळण्याचा कुठलाही सुटणारा तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावता कामा नये, मानकात तोच आकडा आहे. खुळखुळा जोरात ओढून, पिळून बघा. आतल्या बिया-मणी बाहेर येण्याची जरा जरी शंका असेल तर बाद.

आयएसआयची खूण नाही म्हणून घाबरू नका. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएस ९८७३ (खेळण्यांच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक) लागू आहे, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी केलेली खेळणी आणि भौगोलिक मानांकन असलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे तपासणीचं काम आपल्याकडे आलं, इतकंच.

बिनरंगी लाकडाला तेल द्यायचं तर शेंगदाण्याचं किंवा खोबरेल नको. ती सुकत नाहीत, खवट होतात. जवसाचं कच्चं, खाण्याचं तेल पातळ चोळा, १५ मिनिटांनी जास्तीचं पुसा, दोन-तीन आठवडे सुकू द्या. रंगाच्या दुकानातलं "डबल बॉइल्ड" घेऊ नका, त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार असतात. आणि जवसाने भिजलेलं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका, सुकताना आपोआप तापून पेट घेतं. पाण्यात भिजवा किंवा एकपदरी दोरीवर पसरा.

---

ओसरी

कपाटाचं मी सांगते. डांबरगोळ्या काढल्यात ते उत्तमच. त्यातलं नॅप्थलीन गोळीतून कपड्यात उतरतं, आणि जी-६-पी-डी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. कपाटातून निघालेली जुनी दुपटी, गोधड्या थेट बाळाला गुंडाळू नका. धुऊन दोन दिवस उन्हात. कापूरही पर्याय नाही, लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात.

कडुनिंबाचा पाला सावलीत ४-५ दिवस, चुरचुर वाजेपर्यंत वाळवा. मलमलीच्या पुरचुंडीत मूठभर पाला, वेखंडाचा एक तुकडा, वास आवडत असेल तर वाळा. दर दोन-तीन महिन्यांनी बदला. ओलसर पाला ठेवलात तर बुरशीच आणाल. पुरचुंडी वरच्या कप्प्यात, वेखंड बाळाच्या तोंडात नको.

पण पाल्याने कीड फक्त थोडी लांब राहते, आधीची अंडी मरत नाहीत. लोकरीचे कपडे हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग कपाटात. खळ घातलेले कपडे पावसाळाभर ठेवू नका, कसर पिठावरच येते.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. लंगोट सोड्यात टाकलेत आणि पाणी खरंच चहासारखं झालंय. शेवटचं: रिठ्याच्या बिया बऱ्याच साठल्यात, छान काळ्या तुळतुळीत आहेत. पेरू की ओवून माळ करू?

---

वस्त्रगाळ

उकळलेल्या रुजायच्या नाहीत. न उकळलेल्या असतील तर कवच पॉलिश पेपरने थोडं घासा, दिवसभर कोमट पाण्यात ठेवा आणि मग पेरा. कवच फार टणक असतं. माळ सध्या नको. त्या बिया वरच्या ३१.७ मिलिमीटरच्या नळकांड्यात आरामात मावतात.