टेंपल कप चार वर्षांतच का गुंडाळला?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. चाळीसगावला सॉफ्टबॉलच्या साखळी सामन्यांनंतर पहिल्या दोन संघांत पाच सामन्यांची मालिका ठेवायचं घाटतंय. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये १८९४ ते १८९७ टेंपल कप याच धर्तीवर झाला आणि बंद पडला. नेमकं कुठे बिनसलं?

अमळनेरी:
रचनेतच. १८९१ च्या हंगामानंतर अमेरिकन असोसिएशन ही दुसरी मोठी लीग मोडली आणि १२ संघांची नॅशनल लीग एकटीच उरली. झुंजवायला दुसऱ्या लीगचा विजेताच नाही! म्हणून पिट्सबर्गच्या विल्यम टेंपल यांनी चषक दिला: लीगमधला पहिला विरुद्ध दुसरा, सातपैकी चार जिंकेल त्याचा कप.

आता निकाल बघा. १८९४ ला लीगमध्ये पहिला बाल्टिमोर, पण न्यूयॉर्कने त्याला ४-० धुतलं. १८९५ ला पुन्हा बाल्टिमोर पहिला, कप क्लीव्हलँडचा, ४-१. १८९६ ला मात्र बाल्टिमोरने क्लीव्हलँडला ४-० हरवलं. १८९७ ला बॉस्टन पहिला, कप बाल्टिमोरकडे, ४-१. चारांत तीनदा दुसऱ्या क्रमांकाने बाजी मारली. हंगामभर राबून लीग जिंकलेल्याला इथे नवं काही मिळत नव्हतं, असलेलं नाव मात्र जात होतं. त्याचं मन लागणार कसं?

साक्रीवाला:
पैशाचंही बघा भाऊ. उत्पन्नाची वाटणी ६५-३५ ठरलेली, म्हणजे विजेत्यांना ६५ टक्के, हरलेल्यांना ३५. पण १८९४ लाच दोन्हीकडच्या बऱ्याच खेळाडूंनी आपसात निम्मे-निम्मे ठरवून टाकलं. हरा नाहीतर जिंका, हातात तेवढेच. पुढे गर्दी रोडावली आणि १८९७ नंतर चषक टेंपल यांना परत गेला.

पुढे दोन लीगच्या विजेत्यांत वर्ल्ड सिरीज होऊ लागली. तिच्यात १९०५ पासून फार मोलाचा नियम आला: खेळाडूंचा वाटा फक्त पहिल्या चार सामन्यांच्या गल्ल्यातून. मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली तरी खेळाडूला एक छदाम जास्त नाही, त्यामुळे मुद्दाम लांबवण्यात त्याचा फायदाच उरला नाही.

गिरणाकाठ:
आमच्याकडे तिकीट नाही, फक्त रोख बक्षीस. मग?

अमळनेरी:
दोन गट पाडा. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा एकीकडे. अमळनेर, पारोळा, एरंडोल दुसरीकडे. गटविजेत्यांची गाठ थेट मालिकेतच पडू द्या. १९०३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनने पिट्सबर्गला ५-३ हरवलं, तेव्हा दोघे वेगवेगळ्या लीगचे विजेते होते आणि हंगामात एकमेकांशी खेळलेच नव्हते. सरस कोण, हा प्रश्न खराखुरा होता.

एकच साखळी ठेवणार असाल तर पहिल्याच्या खात्यात एक विजय आधीच धरा आणि साखळीची ढाल वेगळी द्या. बक्षिसाची वाटणी लेखी ठेवा. रक्कम संघाच्या नावे न देता खेळाडूगणिक सही घेऊन द्या, म्हणजे आतल्या आत वाटून घेणं अवघड जाईल.