गावातल्या वाचनालयाला निधी कुठून मिळेल?

प्रश्न: आम्ही पोरांनी मिळून गावात वाचनालय चालवलंय, पुस्तकं भरपूर आलीत पण कपाटं नाहीत आणि पावसात छप्पर गळतं, पुस्तकं भिजली की जीव तुटतो. संस्था रजिस्टर आहे, ५ वर्षं झाली. अर्ज कुठे करायचा?

उत्तर: सीएसआर बघा, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात तो निधी. १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या आयकर खात्याच्या नोंदण्या, सीएसआर-१ नंबर (हा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी) आणि ३ वर्षांचं काम दाखवावं लागतं. जवळच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांना स्वतः जाऊन भेटा, नुसत्या ईमेलवर राहू नका.

प्रश्नकर्ता: ८०जी नाहीये अजून :(

उत्तर: मग ते आधी करा, सीए गाठा. तोवर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटा, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, पुस्तकं, फर्निचर, इमारत सगळ्यासाठी. छपराचं एस्टिमेट आत्ताच काढून ठेवा, सगळीकडे तेच मागतात.