पहिलं प्रेम अजून कुठे भेटतं? अनुभव लिहा

कोकमकढी
एल्फिन्स्टनचा पूल 2025च्या सप्टेंबरात बंद केला, मग पाडायला घेतला. तेव्हापासून डोक्यात तेच. ती परळकडून यायची, मी प्रभादेवीकडून. पुलाच्या मधोमध उभं राहायचं, खाली वेस्टर्न नि सेंट्रल दोन्हीकडच्या गाड्या. बोलणं फारसं नसेच. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन. चालताना पाय किंचित ओढायची. 82चा संप चालू होता, वडील गिरणीत, नवीन चप्पल कुठली? पुढे संप फिसकटला नि सगळं बिऱ्हाड गावी गेलं ते गेलंच. बायकोला सगळं ठाऊक आहे. पाडकाम बघायला तीच घेऊन गेली मला. तुमचंही येऊ द्या.

सायली_लालबाग
आमच्या चाळीतलीही अर्धी घरं अशीच गावी गेली. आजी सांगायची, भाड्याचे हिशेबसुद्धा राहिले लोकांचे.

दुसरी_खिडकी
26 जुलै 2005. कलिन्यापासून सायनपर्यंत त्याचा हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून. सांताक्रूझला 944 मिमी पडला हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा भीती वाटली. आदल्या दिवशी नव्हती वाटली, खरंच. आईने आधी त्याला चहा दिला, मग माझी खरडपट्टी काढली. लग्न नाही झालं, जातीवरून. पाऊस धरला की अजून हात फोनकडे जातो. कुकर झाला, आले.

बटाटेवडा
पुलावरून आठवलं, आता दादरहून केईएमला जायचं कसं? काकांना न्यायचंय.

सायली_लालबाग
टिळक पुलावरून ये. करी रोडला अडकशील.

निगरगट्ट
मला नाही कळत हे हळवेपण. माझं पहिलं प्रेम आमच्याच सोसायटीत आहे. पोट सुटलंय, पार्किंगवरून वॉचमनशी भांडतो. रोज बघते, काहीही होत नाही.

दुसरी_खिडकी
रोज बघतेस म्हणजे 😂

निगरगट्ट
खिडकी त्या बाजूला आहे गं!

मास्तर
साधारण दहा ते तिशीतल्या आठवणी म्हातारपणी जास्त वर येतात, मानसशास्त्रात यावर बरंच काम झालंय. एक कारण असं देतात की तेव्हा सगळं पहिल्यांदाच घडत असतं, म्हणून पक्कं बसतं. माणूस विसरतो, जागा नाही.

बटाटेवडा
सर, घंटा झाली.

अबोली
तो गेल्या वर्षी गेला. शाळेच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कळलं. सगळ्यांनी हात जोडलेले टाकले, मीही टाकले. घरी कोणाला काय सांगणार? त्याच्याशी कधी धड बोललेही नव्हते. आठवीत त्याने माझी कंपास पेटी वाकलेली सरळ करून दिली होती, एवढंच.

कोकमकढी
एवढंच कसं, अबोलीताई.

निगरगट्ट
अबोली, फोन कर मला. नंबर आहे ना?

बटाटेवडा
पोचलो केईएमला. टिळक पूलही तुंबलेला, सायलीताई.