फ्रेमलेस सॅक मागवलीये, ठेवू की परत करू?

चढणवेडा:
नमस्कार मंडळी. जुनी सॅक रिकामीच सव्वादोन किलोची होती, म्हणून आता फ्रेमलेस, म्हणजे पाठीशी ताठ सांगाडा नसलेली, मागवलीये. ४५ लिटर, लेबलवर वजन ७८० ग्रॅम. हिप बेल्ट आहे पण नुसता दोन बोटं रुंद पट्टा, पॅडिंग नाही. परत करायची मुदत शिल्लक आहे आणि टॅग अजून काढलेला नाही, त्यामुळे ट्रेलवर नेऊन मळवता येत नाही, जे काय ठरवायचं ते घरातच. माझं बेस वेट, म्हणजे शिधा पाणी गॅस सोडून बाकी सगळं, साडेपाच किलोच्या आसपास जातं आणि मी जास्तीत जास्त तीन रात्री बाहेर असतो. रिकामी घालून आरशासमोर उभं राहिलं की मस्तच वाटते, त्याला काही अर्थ नाही हे कळतंय. तर घरात नक्की काय काय तपासू म्हणजे दुसऱ्या दिवशी खांदे बोंबलणार नाहीत? आणि खिसे, कापड वगैरेचं काय बघता तुम्ही?

सॅकपुराण:
आधी खरं वजन भर. उशा कोंबून सॅक फुगते, भार येत नाही. तुझं साडेपाच किलो, त्यात शिधा दिवसाला ७०० ग्रॅम धरला तर तीन दिवसांचा दोन किलोच्या वर, पाणी अडीच लिटर म्हणजे अडीच किलो, झाले की नाही दहा? फ्रेम नसलेल्या सॅका साधारण आठ-नऊ किलोपर्यंत बऱ्या चालतात, त्याच्या वर गेलं की पिशवी मधेच दबते, पाठीची लांबी कमी होते आणि बेल्टने कंबरेवर घ्यायचा भार पुन्हा खांद्यावर येतो. तुझा आकडा नेमका या सीमेवर आहे, त्यामुळे नुसतं ७८० ग्रॅम बघून खूश होऊ नकोस.

दुसरं म्हणजे टॉर्सोचं, म्हणजे पाठीच्या लांबीचं, माप. उंचीवर जाऊ नको, उंच माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. मान पुढे वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड टोचतं तिथून खाली, कंबरेच्या दोन्ही बाजूच्या हाडांच्या वरच्या कडेला अंगठे ठेवून त्यांना जोडणारी रेघ धरायची तिथपर्यंत, टेप दुसऱ्या कोणाला तरी धरायला लाव. हे माप आणि सॅकचं माप जुळलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे. घालताना सगळे पट्टे सैल करून आधी हिप बेल्ट त्या हाडांवर बसव, मग खांद्याचे पट्टे ओढ, छातीचा शेवटी. आणि मग जिना. निदान पाऊण तास चढउतार कर, वाक, बुटाची लेस बांध, हात वर कर. पहिली दहा मिनिटं कुठलीही सॅक चांगलीच वाटते.

रानभूल:
सॅकपुराण, गणित बरोबर आहे पण ते फक्त पहिल्या सकाळचं आहे ना. शिधा रोज कमी होतो आणि वाटेत पाणी मिळत असेल तर अडीच लिटर कोण कशाला वाहतंय, एक लिटर पुरतं. म्हणजे बहुतेक वेळ हा आठच्या आतबाहेर असणार. आणि फ्रेमलेसमध्ये सामान भरणं हेच फ्रेमचं काम करतं. फोमची मॅट घडी करून पाठीच्या बाजूला उभी सरकव किंवा नळीसारखी गोल करून आत ठेव आणि तिच्या पोटात सामान भर, जड वस्तू पाठीला चिकटून मधल्या उंचीवर, स्लीपिंग बॅग खाली, पोकळी कुठेच सोडायची नाही. बाजूच्या कॉम्प्रेशन पट्ट्यांनी आवळलं की पिशवी ताठ उभी राहते. ढिली भरलेली फ्रेमलेस सॅक मात्र दारुड्यासारखी झोकांड्या खाते, मग लोक सॅकलाच शिव्या घालतात.

तुझ्या सॅकला लोड लिफ्टर, म्हणजे सॅकचा वरचा भाग पाठीकडे ओढणारे खांद्यावरचे छोटे पट्टे, असतील तर त्यांच्यावर फार भरवसा ठेवू नको, वर अडकवायला ताठ असं काही नसेल तर ते नुसती मऊ पिशवी ओढतात.

ओलीकंच:
खिशांबद्दल कोणी बोललंच नाही. सॅक पाठीवर असताना, न थांबता, बाजूच्या खिशातली बाटली काढून परत ठेवता येते का बघ. परत ठेवता येते का हे महत्त्वाचं, काढता सगळ्यांनाच येते. सॅक गच्च भरली की बरेच खिसे आतून दाबले जातात आणि बाटली बसतच नाही, म्हणून हे पण भरल्यावरच बघायचं. आणि वाकल्यावर बाटली डोक्यावरून पुढे येते का तेही.

लिटरचा आकडा पण तपास. काही कंपन्या बाहेरच्या जाळीचे आणि बाजूचे खिसे धरून ४५ म्हणतात, काही फक्त आतली पिशवी मोजतात, त्यामुळे दोन सॅकांची लेबलवरून तुलना होत नाही. सरळ आपलं सगळं सामान आत टाकून रोलटॉपला, म्हणजे गुंडाळून बंद करायच्या तोंडाला, निदान तीन वेटोळे पडतात का बघायचं.

कापडावर डेनिअर लिहिलेलं असतं, तो धाग्याचा जाडपणा, ९००० मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. बुडाला जास्त डेनिअर हवा कारण आपण सॅक दगडावर आपटतोच. डायनीमा कंपोझिट, म्हणजे हलकं पातळ प्लॅस्टिकसारखं कापड, असेल तर कापडातून पाणी येत नाही पण शिवणीतून येऊ शकतं, आणि घासण्यापुढे ते जाड नायलॉनइतकं टिकत नाही. रेनकव्हरपेक्षा आत एक मोठी प्लॅस्टिकची लायनर पिशवी बरी, कव्हर पाठीची बाजू झाकतच नाही. बाकी रंग, बाहेरचे लूप, शिट्टीवालं बकल हे सगळं गौण.

चढणवेडा:
धन्यवाद सगळ्यांना. काल सगळं भरून जिने घातले. बाटल्या, तंबू, पुस्तकांचा शिधा 😄 धरून दहा किलो. टॉर्सो ५१ सेंमी निघाला आणि ही सॅक एकाच साइझमध्ये येते, कंपनी ४८ पर्यंत म्हणते. बेल्ट हाडांवर बसवला तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या मागे पाठीतच रुततात, पट्टे नीट बसवले तर बेल्ट बेंबीवर. रानभूल म्हणतोय तशी मॅट आत घातल्यावर सॅक ताठ झाली, आठ किलोला ठीक वाटलं. दहाला मात्र अर्ध्या तासात डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, सॅक उतरवल्यावर गेल्या. खिसे उत्तम आहेत, बाटली जाते येते. जीव अडकलाय खरा.

सॅकपुराण:
मुंग्या आल्या म्हणजे चर्चा संपली. खांद्याचा पट्टा हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाबतोय. जड सॅका वाहणाऱ्या सैनिकांमध्ये हा त्रास डॉक्टरांनी नोंदवलाय, वाढला तर हात काही आठवडे लुळा पडू शकतो. अर्ध्या तासात हे होत असेल तर सहा तासांचं काय. परत कर.

रानभूल:
आता मीही परत करच म्हणेन. मॅटने सॅक ताठ होते, लांब होत नाही. माप जुळत असतं तर फ्रेमलेसच ठेव म्हणून भांडलो असतो. दोन अॅल्युमिनियमच्या काढघाल पट्ट्या असलेल्या सॅका बघ, किलोभराच्या आसपास मिळतात, हलक्या फेरीला पट्ट्या घरी ठेवायच्या.

ओलीकंच:
आणि बेल्ट जरा रुंद बघ. पण उलट बाजूने बेल्ट फार आवळला आणि मांडीची बाहेरची बाजू बधिर झाली तर तेही नस दबल्याचंच लक्षण, तेव्हा नवीन आली की तेच दहा किलो, तोच जिना. यावेळी तासभर.

चढणवेडा:
पॅक करतोय परत पाठवायला. पट्ट्यावाली बघतो, ५१ सेंमीला बसणारी कोणाकडे असेल तर बेल्टची रुंदी मोजून सांगा.