इंजिनातून मधूनच टिक टिक आवाज येतोय, गॅरेजवाले हेड खोलायचं म्हणतायत, काय करावं?

सातपूर_शिफ्ट:

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१६ ची, सीएनजी वगैरे काही नाही, ८० हजार किमीच्या पुढे चाललीये. गेले काही आठवडे बोनेटच्या आतून टिक टिक टिक असा आवाज येतोय, नखाने पत्र्याच्या डब्यावर टिचक्या माराव्यात तसा, बारीक आणि कोरडा, आणि वैताग हा की तो सारखा येत नाही. सकाळी नाशिकच्या सिडकोतून निघतो तेव्हा गाडी एकदम शांत. संध्याकाळी कंपनीतून निघालो आणि पपया नर्सरीच्या सिग्नलला थांबलो की सुरू होतो, थोडा वेळ चालतो, मग आपला आपणच बंद, कधी त्रिमूर्ती चौकापर्यंत परत एकदा येतो कधी येतच नाही. काच खाली असली आणि शेजारी ट्रक किंवा भिंत असली की जास्त कळतो. गाडी दिवसभर कंपनीच्या पार्किंगला उन्हात उभी असते, शेड नाही तिथे, आणि आता एप्रिलचं ऊन तुम्हाला माहितीच आहे.

पिकअप, अ‍ॅव्हरेज सगळं पूर्वीसारखंच आहे, टेम्परेचरचा काटा मध्यावर, डॅशबोर्डवर लाइट कुठलाच नाही. गॅरेजला नेली तर तिथे आवाज आलाच नाही, तरी त्यांनी सांगितलं की टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) वाजत असणार, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलून बघावं लागेल, आणि खर्च ऐकून मी गाडी तशीच परत आणली. आवाज न ऐकता हेड खोलायचं हे मला काही पटेना, पण खरंच आत काही झिजत असेल आणि मी तशीच दामटत राहिलो तर मोठं नुकसान होईल ही धास्तीही आहे. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन वणीला गडावर जायचंय, घाटात काही झालं तर पंचाईत. कुणाला असा अनुभव आहे का? कुठून सुरुवात करू?

पाना_दहाबारा:

भाऊ, हेड अजिबात खोलू देऊ नका अजून. आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि कशाबरोबर बदलतो हे आधी बघायचं, टिक टिक तर बोनेटखाली डझनभर गोष्टी करतात.

पहिलं काम म्हणजे डिपस्टिक. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी काढा, पुसा, परत घालून बघा. ऑइल खालच्या खुणेच्या आसपास असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी ते भरा, कारण हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) टॅपेटवाल्या इंजिनात ऑइल कमी पडलं की टॅपेट असेच मधूनच वाजतात, आणि गरम इंजिनात ऑइल पातळ होऊन आयडलिंगला प्रेशर सगळ्यात कमी असतं, म्हणजे तुमचा सिग्नलवाला प्रकार त्यातही बसतो. ऑइलचा लाल लाइट क्षणभर जरी लागला तरी गाडी जागेवर बंद करायची, घरापर्यंतसुद्धा न्यायची नाही.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आवाज सुरू असताना न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, हळूहळू रेस द्या. आवाजाचा वेग रेसबरोबर वाढतो का? वाढला तर तो इंजिनच्या फिरण्याशी जोडलेला आहे, म्हणजे टॅपेट, इंजेक्टर, मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांची) लीक, सैल प्लग, बेल्ट, पुली यातलं काहीतरी. रेस दिली तरी तो त्याच्याच चालीने वाजत राहिला तर तो फिरणाऱ्या भागांचा नाहीच, कुठल्यातरी इलेक्ट्रिक वॉल्व्हचा नाहीतर रिलेचा आहे, आणि मग हेड खोलणं म्हणजे निव्वळ पैसे वाया.

कान फसतो म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि सेकंदाला किती टिक पडतात ते मोजा, रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये रेघा उंच होतात त्या मोजता येतात. हिशोब सोपा आहे, आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० च्या आसपास फिरतं, कॅमशाफ्ट (टॅपेट ढकलणारा दांडा) त्याच्या निम्मं म्हणजे ४००, म्हणून एकच टॅपेट वाजत असेल किंवा एकाच सिलिंडरची लीक असेल तर सेकंदाला सहा-सात टिक येतात. क्रँकबरोबर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याबरोबर फिरणारं काही असेल तर तेराच्या आसपास. चारही इंजेक्टर मिळून सव्वीस-सत्तावीस, ते तर मोजताच येत नाहीत, नुसती तडतड ऐकू येते.

हे दोन्ही करून इथे सांगा, मग पुढचं बोलू.

निफाडकर:

माझ्या जुन्या गाडीला टिक टिक होती ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून, पण तिची तऱ्हा तुमच्या बरोब्बर उलटी होती. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा चांगलाच खाली जातो, सकाळी गाडी चालू केली की टिक टिक टिक जोरात, आणि गाव ओलांडून हायवेला लागेपर्यंत गायब. धातू तापला की फुगतो आणि फट आपोआप बंद होते, म्हणून थंड असताना वाजतं आणि गरम झालं की थांबतं. तुमचं थंड असताना शांत आणि गरम झाल्यावर आवाज, त्यामुळे मला तरी हे मॅनिफोल्डचं वाटत नाही. तरी एकदा सकाळी गार इंजिनवर बोनेट उघडून मॅनिफोल्डच्या जोडाजवळ काळी काजळी साचलीये का तेवढं बघून घ्या, लीक असेल तर ती तिथे दिसतेच.

मीनल_पंचवटी:

एसी चालू असतो का तेव्हा? कंप्रेसरचा क्लच लागताना-सुटताना टक असा एकेकटा आवाज येतो, फॅनचा रिलेपण तसाच, पण ते टिक टिक टिक असं सलग नसतं. एसी बंद करून बघणं फुकटात होतं म्हणून सांगितलं. आणि बेल्टला चीर गेली असेल तर ती पुलीवरून जाताना दर फेरीला वाजते, इंजिन बंद करून टॉर्चने बेल्टची आतली बाजू बघा.

एक कळकळीची विनंती, इंजिन चालू असताना आत हात घालायचा असेल तर ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन काहीही लोंबकळत ठेवू नका. आणि गरम इंजिन बंद केल्यावरसुद्धा काही गाड्यांत रेडिएटरचा फॅन अचानक सुरू होतो. आमच्या शेजारच्या दादांच्या बोटांना पट्टी बांधलेली बघितलीये मी, म्हणून सांगते.

सातपूर_शिफ्ट:

खूप आभार सगळ्यांचे, इतकं नीट कुणी समजावून सांगितलं नव्हतं. ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे, रंगही ठीक. एसी बंद केला तरी आवाज तसाच. बेल्टला चीर नाही. मॅनिफोल्डला काजळी नाही.

आणि मुख्य म्हणजे काल संध्याकाळी आवाज सुरू झाल्या झाल्या गाडी कडेला घेऊन रेस दिली, तर आवाजाचा वेग बदललाच नाही! इंजिनचा आवाज वाढला की टिक टिक त्यात बुडते पण चाल तीच, रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला दहाच्या आसपास भरतात. आणि बोनेट उघडल्यावर मला तरी तो मागच्या बाजूने, काचेकडच्या पत्र्याजवळून येतोय असं वाटलं. हे काय असू शकतं?

पाना_दहाबारा:

मग भाऊ, जवळपास नक्की पर्ज वॉल्व्ह. टॅपेट डोक्यातून काढून टाका.

हा काय प्रकार ते सांगतो, म्हणजे पुढे कुणी घाबरवलं तरी घाबरणार नाही. टाकीतल्या पेट्रोलची वाफ हवेत सोडायची नाही म्हणून ती कोळसा भरलेल्या एका डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवतात. इंजिन गरम झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एक छोटा सोलेनॉइड (विजेवर चालणारा) वॉल्व्ह भराभर उघड-बंद करतो आणि ती वाफ इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत ओढून जाळली जाते, तीच उघडझाप म्हणजे तुमची टिक टिक. सकाळी इंजिन थंड म्हणून वॉल्व्ह बंद. दिवसभर गाडी सातपूरच्या उन्हात तापते, टाकीत वाफ भरपूर होते, कॅनिस्टर भरतो, आणि संध्याकाळी इंजिन गरम झालं की वॉल्व्ह कामाला लागतो, वाफ संपत आली की काम कमी. तुमची सगळी लक्षणं यात बसतात.

खात्री करायला खर्च नाही. इनटेक मॅनिफोल्डजवळ किंवा मागच्या पत्र्याजवळ एक छोटा काळा प्लास्टिकचा वॉल्व्ह दिसेल, त्याला दोन बारीक पाइप आणि दोन वायरींचा कनेक्टर. आवाज चालू असताना त्यावर बोट ठेवा, टिक बोटाला लागते. बोट पोचत नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर, बेल्ट आणि फॅनपासून लांब राहून. तरी शंका असेल तर चावी बंद करून कनेक्टर काढा, गाडी परत चालू करा, आवाज गेला तर विषय संपला. कनेक्टर काढून गाडी चालवलीत तर चेक इंजिन लाइट लागू शकतो, लगेच परत लावा, लाइट लागलाच तर काही दिवसांनी आपोआप जातो किंवा स्कॅनरने घालवता येतो.

वॉल्व्हची टिक टिक नॉर्मल आहे, पण तो उघडाच अडकलाय का एवढं मात्र तपासा. सकाळी गार इंजिन चालू करून कॅनिस्टरकडून येणारा पाइप वॉल्व्हपासून काढा आणि वॉल्व्हच्या मोकळ्या झालेल्या तोंडावर बोट ठेवा, ओढ लागायला नको. ओढ लागली तर वॉल्व्ह खराब. पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच चालू न होणं, आयडलिंगला हलणं, ही त्याची लक्षणं.

घाटावरचा_सीएनजी:

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या गाडीला बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे, गॅसवर टाकली की टकटक वाढते आणि पेट्रोलवर कमी होते, पण टॅपेटचा आवाज मात्र आधी यायचा तो हल्ली येत नाही, म्हणजे सुधारलंय ना?

पाना_दहाबारा:

गॅसवर वाढणारी टकटक म्हणजे गॅसच्या इंजेक्टरची रेल, ते पेट्रोलच्या इंजेक्टरपेक्षा जोरात वाजतात, त्याची काळजी नको. पण भाऊ, टॅपेट गप्प झालेत हे चांगलं लक्षण नाही, कृपा करून लवकर दाखवा. सीएनजी कोरडा असतो, त्यावर एक्झॉस्ट वॉल्व्हची सीट झिजते, वॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी कमी होत जातो, म्हणून आवाज बंद होतो. गॅप संपला की वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, वॉल्व्ह जळतो, आणि मग खरोखर हेड खोलावं लागतं. वाजणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प टॅपेटची मला जास्त भीती वाटते. गार इंजिनवर फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून गॅप मोजून घ्या, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच धरायचा.

सातपूर_शिफ्ट:

सापडलं! पर्ज वॉल्व्हच होता. बोट ठेवल्यावर टिक टिक स्पष्ट लागत होती आणि कनेक्टर काढल्यावर आवाज एकदम बंद. सकाळी पाइप काढून बघितलं, ओढ नाही, म्हणजे वॉल्व्ह चांगला आहे. वॉल्व्ह ज्या क्लिपवर बसतो तिथलं रबर कडक होऊन फाटलं होतं, त्यामुळे तो थेट पत्र्याला टेकून वाजत होता आणि पत्रा आवाज मोठा करत होता. ओळखीच्या मिस्त्रींनी नवीन रबर बसवून दिलं, आता बोनेट उघडून कान दिला तरच ऐकू येतो. मिस्त्रींनी प्लगपण काढून बघितले, चारही नीट घट्ट आहेत.

पेट्रोल भरताना काही काळजी घ्यायची का? मी नेहमी टाकी फुल्ल करतो, आणि पंपावरचा पोरगा कट झाल्यावरही राउंड फिगरसाठी थोडं थोडं टाकत राहतो.

पाना_दहाबारा:

हो, तेवढं बंद करा. नोझल आपोआप कट झालं की तिथेच थांबायचं, वरून कोंबलेलं पेट्रोल वाफेऐवजी द्रवच कॅनिस्टरमध्ये जाऊ शकतं आणि मग कोळसा भिजून कॅनिस्टर कामातून जातो, तो बदलायचा खर्च रबरासारखा नसतो. पैसे राउंड हवे असतील तर आधीच आकडा सांगून भरा.

आणि गडावर निवांत जा. घाट चढून वर गाडी बंद केल्यावर सायलेन्सरकडून टिंग टिंग येईल, तो धातू गार होतानाचा आवाज, त्यासाठी बोनेट उघडू नका.