‘ब्रेन मॅपिंग’ला मराठीत काय म्हणावं?

फेफऱ्याच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. ईईजीला ‘मेंदूचा विद्युत-आलेख’ लिहिलं. पुढे ‘ब्रेन मॅपिंग’ आलं आणि अडले. ‘मेंदूचे चित्रण’ चालेल?

— ‘चित्रण’ नको. वाचणाऱ्याला एमआरआय वाटेल. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते; इथे दिसतो तो फक्त विजेचा चढउतार, तोही व्होल्टच्या काही लक्षांशांइतका. ‘आलेख’ मात्र अगदी चपखल. जर्मनीत येना इथे मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी 1924 साली माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेतली (प्रसिद्ध केली 1929 मध्ये), तीही फोटोच्या कागदावर उमटलेली नागमोडी रेघच होती. डोळे मिटले की सेकंदाला दहाएक लाटा, उघडले की त्या दबतात. त्यांना ‘अल्फा’ हे नाव बेर्गर यांचंच.

मॅपिंगमध्ये त्याच रेघांमधले आकडे डोक्याच्या आकृतीवर मांडतात, म्हणून ‘विद्युत-नकाशा’ म्हणावं. ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर यांनी 1950 च्या सुमारास केलेला टोपोस्कोप मला यातला सगळ्यात देखणा वाटतो: डोक्यावरच्या जागांनुसार मांडलेल्या 22 छोट्या पडद्यांच्या नळ्या, जिथे हालचाल तिथली नळी उजळणार. आता संगणक रंग भरतो. पण मोजमाप इलेक्ट्रोड (डोक्याला चिकटवलेल्या धातूच्या छोट्या चकत्या) असतात तेवढ्याच जागी होतं, नेहमीच्या पद्धतीत कानांवरच्या दोन जागा मिळून 21. मधला लाल-निळा रंग गणिताने काढलेला अंदाज असतो. हे पत्रकात एका ओळीत जरूर सांगा.

— ‘नकाशा’ला माझाही पाठिंबा, वेगळ्या कारणाने. मराठी वर्तमानपत्रांत ‘नार्को आणि ब्रेन मॅपिंग’ ही जोडी आरोपींच्या बातम्यांतच भेटते. संमतीशिवाय या चाचण्या करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सांगितलं, तेव्हा तर तो शब्द घरोघरी गेला. फिट येणाऱ्या मुलाच्या आईने पत्रकात तोच शब्द वाचला तर तिच्या पोटात गोळा येईल.

— मी ईईजी काढायचं काम करते. लोक ‘पट्टी काढली’ म्हणतात, ते ईसीजीवरून आलंय. पत्रकात ‘ईईजी’ हा शब्दही ठेवा, चिठ्ठीवर तोच असतो. आणि ‘आलेख नॉर्मल’ याचा अर्थ ‘फेफरे नाही’ असा लिहू नका. अर्ध्या तासाच्या नोंदीत काही सापडलं नाही, इतकंच. ‘आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका’ हे मात्र ठळक छापा; तेलकट केसांत पेस्ट धरत नाही, इलेक्ट्रोड सुटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं.